कोकणातल्या घरात अ‍ॅक्सोलॉटल: आधी थंड पाणी, मग प्राणी

कोकण किनाऱ्यावर अ‍ॅक्सोलॉटलसारखा सॅलॅमँडर (सरड्यासारख्या आकाराचा, शेपटीचा उभयचर) पाळायचा, तर वर्षाचे बारा महिने, रात्रंदिवस, शंभरेक लिटर पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअसवर ठेवावे लागते. हे ज्याला जमेल त्याला बाकी सगळे शिकता येते. हे जमणार नसेल, तर कितीही हौस असली तरी प्राणी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या लेखात प्राण्याआधी पाण्याबद्दल बरेच वाचावे लागेल.

माझा आग्रह आहे की टाकी आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) एप्रिल-मेमध्ये बसवावे, पावसाळ्यात टाकी मुरू द्यावी, म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढू द्यावेत, आणि प्राणी डिसेंबर-जानेवारीत आणावा. जी व्यवस्था मे महिन्यात टिकली ती वर्षभर टिकते. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे थंडीत प्राणी आणून उन्हाळ्याचे उन्हाळ्यात बघू म्हटले, तर मार्च उजाडताच धावपळ सुरू होते आणि तिचे हाल प्राणी भोगतो.

कोणता सॅलॅमँडर?

आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीमपासून मणिपूरपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात आढळतात आणि त्यांना कायद्याने संरक्षण आहे. तिकडून कुणी आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पाळण्यासाठी राहतो तो अ‍ॅक्सोलॉटल. हा मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या झोचिमिल्को सरोवराचा. आज निसर्गात तो अतिसंकटग्रस्त आहे, पण जगभर बंदिस्त अवस्थेत त्याची पैदास होते. काही दुकानांत त्याला ‘वॉकिंग फिश’ म्हणून माशांच्या टाक्यांशेजारी ठेवतात आणि माशांचेच सल्ले देतात. तो मासा नाही, उभयचर आहे. बेडकाच्या पिल्लासारखे कल्ले त्याला जन्मभर राहतात, तो पाण्यातच वाढतो आणि पाण्यातच प्रौढ होतो. पूर्ण वाढलेला प्राणी २० ते ३० सेंटिमीटर लांब भरतो आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षे जगतो. दहावीतल्या मुलाने हट्ट केला तर तो मुलगा नोकरीला लागल्यावर टाकी कोण बघणार, हे त्याच दिवशी ठरवा.

कागदपत्रांचेही सांगतो. अ‍ॅक्सोलॉटल सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीस यादीतले परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी ठेवणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. विक्रेत्याकडून पक्के बिल घ्या, प्राणी बंदिस्त पैदाशीतला असल्याचे लिहून घ्या, आणि नोंदणीच्या सध्याच्या मुदती व अर्ज यांची वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करूनच पैसे द्या. बिल देत नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

थंडावा

झोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही आठ-नऊशे मीटर उंच. तिथले पाणी थंड असते आणि या प्राण्याचे शरीर त्याच पाण्यासाठी घडलेले आहे. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचा त्रास सुरू होतो. २४ च्या वर दिवस काढायला लावले तर भूक जाते, अंगावर बुरशी धरते, आणि पुढे प्राणी दगावतो. एक तर गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: १७ अंशांना लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भागही उष्णतेबरोबर वाढतो. सगळे एकदमच अंगावर येते.

आपल्याकडे घरातल्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात २९-३० अंशांवर बसते. यावर पहिला सल्ला मिळतो तो पंख्याचा: पाण्यावर छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने पाणी थंड होईल. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा उपाय बऱ्यापैकी चालतो. किनाऱ्यावर चालत नाही, आणि त्याला कारण आहे. बाष्पीभवनाने पाणी किती थंड होऊ शकते याची मर्यादा हवेतल्या दमटपणावर ठरते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर पंखा दिवसभर फिरवला तरी पाणी २८ च्या खाली उतरत नाही. पंख्यावर पैसे आणि आशा घालवू नका.

मग उरतात दोन मार्ग. पहिला, खोलीलाच एसी लावून ती चोवीस तास थंड ठेवायची. ती खोली तशीही कायम एसीत असेल तरच हे परवडते. दुसरा मार्ग कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या चिलरचा, आणि मी तोच सुचवतो. स्वस्त मिळणारे विनाकॉम्प्रेसरचे इलेक्ट्रॉनिक चिलर पाणी दोन-चार अंशांनी उतरवतात. आपल्याला बारा-तेरा अंश उतरवायचे आहेत. चिलरच्या पेटीवर लिहिलेली लिटरची क्षमता बहुधा आपल्या घरांपेक्षा थंड खोली गृहीत धरून दिलेली असते, म्हणून टाकीला पुरेल असा जो आकार दुकानदार सांगेल त्याच्या एक पायरी वरचा घ्या. त्याची किंमत टाकी, फिल्टर आणि प्राणी यांच्या एकत्र किमतीपेक्षा जास्त होईल. त्या खर्चाला पर्याय नाही.

चिलर बसवताना तीन गोष्टी बघा. तो आतली उष्णता मागून बाहेर टाकतो, त्यामुळे बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. चारी बाजूंनी मोकळी जागा हवी. समुद्राकडच्या खिडकीजवळ तो नको. खाऱ्या वाऱ्याने मागच्या जाळीच्या पत्र्या गंजून चुरा होतात, तेव्हा जागा आतल्या भिंतीकडची निवडा आणि दर महिन्याला मऊ ब्रशने धूळ व मिठाचा थर झाडा. आणि तापमान १७ वर लावून विसरून जाऊ नका. टाकीत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे बघा. चिलरच्या पडद्यावरचा आकडा चिलरमधून जाणाऱ्या पाण्याचा असतो, टाकीच्या कोपऱ्यातल्या पाण्याचा नव्हे.

यानंतरची अडचण कोरड्या भागातल्या लोकांना कधी दिसतच नाही, ती म्हणजे काचेला सुटणारा घाम. दमट हवेत १७ अंशांची काच म्हणजे फ्रिजमधून काढलेला तांब्याच. जूनच्या पहिल्या पावसानंतर बघा: आधी काचेच्या खालच्या भागावर धुके धरते, तासाभरात त्याचे थेंब होतात, थेंब एकमेकांना मिळून ओघळतात, टाकीच्या कडेखाली पाण्याची रेघ साचते आणि तिथून ते स्टँडमध्ये मुरते. प्लायवुडचा स्टँड एका पावसाळ्यात फुगतो. वायरवरून ओघळणारे पाणी थेट प्लगपर्यंत पोचते, ते तर जिवावरचे. यासाठी मागची काच, दोन्ही बाजू आणि तळ यांना बाहेरून किमान इंचभर जाडीचे थर्माकोल घट्ट चिकटवा. चिलरच्या नळ्यांवर एसीच्या पाइपला घालतात ते काळे फोमचे आवरण चढवा. पुढच्या काचेवर थोडे अंतर सोडून दुसरी पातळ काच किंवा अ‍ॅक्रिलिक बसवून कडा बंद केल्या तर घाम बराच कमी होतो. स्टँड चिरा किंवा विटांवर कडप्प्याची लादी टाकून करा, नाहीतर रंग दिलेल्या लोखंडाचा. सॉकेट टाकीच्या पातळीच्या वर असू द्या, आणि प्रत्येक वायर सॉकेटला पोचण्याआधी एकदा खाली झोल घेईल अशी लावा, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. थर्माकोलमुळे विजेचे बिलही कमी येते.

टाकी

एका प्राण्याला तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी करून घ्या. काठोकाठ भरली तर ती सुमारे १६० लिटरची होते. वर तीन-चार इंच सोडले तरी एकशे पंधरा ते सव्वाशे लिटर पाणी राहते. हा तळाने चालणारा प्राणी आहे, त्यामुळे उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. झाकण हवेच, कारण तो उडी मारून बाहेर पडू शकतो. शिवाय आपल्याकडे पाली, झुरळे आणि मुंग्या टाकीत उतरतात.

तळाला खडी घालू नका. तो तोंड उघडून भक्ष्याबरोबर पाणी आत ओढतो, आणि त्याबरोबर खडाही जातो व आतड्यात अडकतो. १५ सेंटिमीटरपेक्षा लहान प्राण्याला नुसती काच ठेवा. मोठ्याला मिलिमीटरहून बारीक, पुन्हा पुन्हा धुतलेली वाळू चालते. किनाऱ्यावरची वाळू आणू नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांच्या धारदार चिपा असतात. जांभ्याचा तुकडा दिसायला छान दिसतो, पण त्याचा खरखरीतपणा या प्राण्याच्या नाजूक कातडीला सोलतो.

लपायला जागा द्या. त्याला पापण्या नाहीत, तीव्र उजेड सोसत नाही. माझ्या मते सगळ्यात उत्तम आडोसा म्हणजे जुने मंगलोरी कौल. परसात पडलेले एखादे घ्या, कडा कानशीने घासा, साबण न लावता ब्रशने खसखसून धुवा, दोन-तीन दिवस बादलीत भिजत ठेवा आणि पाणी बदलत राहा. कौल पालथे टाकले की त्याच्या पोटाखाली प्राणी आरामात मावतो. रंग दिलेले किंवा डांबर लागलेले कौल मात्र घेऊ नका.

फिल्टर हवा, पण प्रवाह मंद हवा. चिलरमधून परत येणारे पाणी छिद्रांच्या आडव्या नळीतून मागच्या काचेवर सोडा म्हणजे त्याचा जोर मोडतो. जोडीला स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालू शकणारा हवेचा पंप ठेवा.

पाणी कुठले?

या प्राण्याला थोडे जड, म्हणजे जास्त क्षार विरघळलेले, पाणी मानवते. सामू (पीएच) ७.४ ते ७.६ च्या आसपास, एकूण कठिणता ७ ते १४ जर्मन अंश (हे कठिणतेचे एकक), कार्बोनेट कठिणता ३ ते ८. आपल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी प्यायला गोड लागते ते हलके असते म्हणूनच, आणि बहुतेकदा ते किंचित आम्लही असते. थेंबांचे टेस्ट किट घेऊन आपल्या विहिरीचे पाणी वर्षातून चार वेळा तपासा: उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस धरल्यावर, गणपतीच्या सुमारास आणि थंडीत. एकाच विहिरीचे आकडे इतके बदलतात की एका तपासणीवर विसंबता येत नाही. खाडीलगतच्या विहिरींत एप्रिल-मेमध्ये खारटपणा शिरतो. अशा वेळी गावातल्या आतल्या बाजूच्या विहिरीचे पाणी आणावे.

हलके पाणी जड करायला बाहेरून काही विकत आणायची गरज नाही. कालवांची किंवा तिसऱ्यांची शिंपले उकळून, मांसाचा कण न् कण काढून, उन्हात कडकडीत वाळवा. जाडसर कुटून जाळीच्या पिशवीत भरा आणि पिशवी फिल्टरमध्ये ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल असेल तितका तो विरघळतो आणि सामू वर येत गेला की विरघळणे आपोआप मंदावते. मूठभरापासून सुरुवात करा आणि आठवड्याने पुन्हा मोजा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ग्रामपंचायतीच्या विहिरीत पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, आणि टाकल्याच्या दिवशी पाण्याचा वासच सांगतो. क्लोरीन कल्ल्यांना भाजून काढते. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे औषध वापरा, किंवा पाणी पिंपात उघडे ठेवून त्यात दिवसभर हवेचा पंप चालवा. मी दोन्ही करतो.

टाकी मुरवणे

प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू वसवायला सहसा चार ते आठ आठवडे लागतात, आणि त्याआधी प्राणी सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे.

कोकणची उष्णता इथे मात्र उपयोगी पडते. प्राणी टाकीत नसताना चिलर बंद ठेवा. २८ अंशांना जिवाणू भराभर वाढतात. अमोनियासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच पदार्थ, पण बाजारच्या नवसागरात काय मिसळलेले असेल याची खात्री नसते, म्हणून प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून शुद्ध आणा. १०० लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम टाकले की अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. दर दोन दिवसांनी तपासा, संपला की तितकाच पुन्हा टाका. टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आणि नायट्राइटही शून्यावर आला की जिवाणू बसले. मध्येच सगळे ठप्प झाल्यासारखे वाटले तर कार्बोनेट कठिणता बघा. जिवाणू काम करताना ती खातात, आणि हलक्या विहिरीच्या पाण्यात ती लवकर संपून सामू घसरतो. शिंपल्यांची पिशवी इथेही उपयोगी पडते.

मग चिलर चालू करून पाणी १७ वर आणा आणि आणखी आठवडाभर तीच परीक्षा घ्या. थंडीत जिवाणू मंदावतात. त्या तापमानालाही ते पुरे पडतात का, हे कळायला हवे.

याच काळात आणखी एक चाचणी कराच. चिलरचा प्लग काढा आणि दर तासाला तापमान लिहून ठेवा. १७ वरून २० वर जायला तुमच्या टाकीला किती तास लागतात, तो आकडा टाकीवर चिकटवा. लाईट गेल्यावर हातात किती वेळ आहे, हे त्यावरून कळते.

लाईट गेली की

पावसाळ्यात काही तास वीज जाणे नवीन नाही. पण ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. म्हणजे तयारी दोन पातळ्यांवर हवी.

काही तासांसाठी इन्व्हर्टर. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून फ्रिज चालेल अशा ताकदीचा इन्व्हर्टर लागतो. दिवे-पंख्याचा छोटा पुरत नाही. तो नसेल तर निदान हवेचा पंप बॅटरीवर चालू राहू द्या, आणि फ्रीझरमध्ये एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या कायम गोठवून ठेवा. हिशेब सोपा आहे: एक लिटर बर्फ वितळून त्याचे पाणी २० अंशांपर्यंत येईतो १०० लिटर पाण्यातून साधारण १ अंश ओढून घेते. बाहेरून उष्णता येतच असते, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमीच धरा. बाटल्या घट्ट बंद, लेबल काढलेल्या आणि बाहेरून धुतलेल्या हव्यात. एकदम चार टाकू नका. तासाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने पाणी थंड झाले तर तोही धक्काच.

दिवसचे दिवस वीज नसेल तर सव्वाशे लिटर थंड ठेवण्याचा नाद सोडा. प्राण्याला टाकीच्या पाण्यासकट झाकणाच्या दहा-बारा लिटरच्या डब्यात घ्या, झाकणाला भोके पाडा, आणि तो डबा मासळी पाठवतात तसल्या मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. खोके नवे घ्या. डब्याच्या भोवती, डब्यात नव्हे, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेला बर्फ ठेवा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जनरेटर आहे का, वादळात बर्फ मिळेल का, याची चौकशी मे महिन्यातच करून ठेवा. डब्यात फिल्टर नसतो, म्हणून रोज सगळे पाणी बदला, तेही त्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले. या काळात खायला घालू नका. थंड पाण्यातला निरोगी प्रौढ प्राणी आठवडाभर उपाशी राहिला तर काही बिघडत नाही.

प्राणी आणताना

आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका. बोटे पूर्ण असावीत, कल्ल्यांची पिसे भरलेली, पोट डोक्याइतके रुंद, आणि समोर अळी धरली की झडप घालणारे असावे. कोल्हापूर-पुण्याहून घाट उतरून किंवा मुंबईहून आणायचे तर थर्माकोलच्या खोक्यातून, रात्रीच्या प्रवासात आणा. घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवा, टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळा आणि अर्ध्या-पाऊण तासाने फक्त प्राणी आत सोडा, पिशवीतले पाणी नको.

त्याच्यासोबत मासे ठेवू नका. मासे कल्ले कुरतडतात, आणि लहान मासे तो गिळतो. दोन पिल्ले एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात. तुटलेला पाय पुन्हा उगवतो हे खरे, पण म्हणून तोडू द्यायचा नसतो.

खाणे

मुख्य अन्न गांडूळ. पिल्लाला रोज, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा. गांडुळाची जाडी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. मोठे असेल तर तुकडे करा. गांडूळ क्लोरीन काढलेल्या पाण्यात धुवा आणि बोथट चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढे हळू हलवा. प्राणी आधी स्तब्ध होतो, मान किंचित वळवतो आणि मग एका झटक्यात गांडूळ नाहीसे होते, कल्ले मागे फडफडतात. त्याला चावायचे दात नाहीत. तो पाण्यासकट आत ओढतो.

गांडुळे आपल्या परसातली घ्या, जिथे कधी फवारणी झालेली नाही. आंबा-काजूच्या फवारणीच्या बागेतली नकोत. गांडूळ खताच्या वाफ्यातली लाल, बारीक गांडुळे अनेक प्राणी थुंकून टाकतात, कारण ती पिवळसर कडू द्रव सोडतात. पावसाळ्यात गांडुळांना तोटा नसतो, उन्हाळ्यात ती खोल जातात. म्हणून पाऊस असतानाच सावलीत एका जुन्या टबात माती, कुजलेला पाचोळा आणि सोडणाचा भुसा घालून आपला साठा वाढवा. टब स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत टब साफ करतात.

गांडुळे खणताना देवगांडूळ हाती लागला तर तो अलगद तिथेच मातीत सोडा. दिसायला जाड गांडुळासारखा, पण कातडी तुकतुकीत, अंग जोरकस, आणि नीट बघितले तर तोंडाला जबडा असतो. तो आपल्या पश्चिम घाटाचा उभयचर आहे, अ‍ॅक्सोलॉटलचा दूरचा भाऊबंद, आणि आपल्या भागात तो आहे ही आपली श्रीमंती आहे. पायाखाली सापडल्यावर विषारी साप म्हणून लोक त्याला मारतात. तो विषारी साप नाही. शेजाऱ्यांना हे जरूर सांगा.

घरात मासळी येतेच, म्हणून मोह होतो. सोललेली, बिनमिठाची कोळंबी कधीतरी नखाएवढी द्यायला हरकत नाही. तारली, बांगडा देऊ नका. तेलकट मासळीने पाणी नासते, आणि तारलीसारख्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. ओढ्यातले मासे आणि बेडकांची पिल्ले तर अजिबात नकोत, त्यांच्याबरोबर परजीवी आणि आजार येतात.

रोजचे आणि आठवड्याचे

रोज थर्मामीटर बघा आणि विष्ठा मोठ्या पिचकारीने उचला. उरलेला घास तासाभरात काढा. आठवड्याला पाव-पंचमांश पाणी बदला, आणि नवे पाणी आधी थंड करा. ८० लिटर १७ अंशांचे पाणी आणि त्यात २० लिटर २९ अंशांचे घातले, तर सगळे १९.४ वर जाते. एका बादलीने अडीच अंशांचा फरक पडतो. म्हणून कॅन आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा किंवा बादलीत गोठवलेली बाटली फिरवा. अमोनिया आणि नायट्राइट कायम शून्य, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत.

काढलेले पाणी माडाच्या आळ्यात ओता. व्हाळात, पऱ्यात किंवा भाताच्या खाचरात ओतू नका. परदेशी उभयचरांबरोबर कातडीची बुरशी आणि विषाणू येऊ शकतात, आणि आंबोलीपासून सड्यांपर्यंत जे बेडूक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, ते आपल्या पाण्यावर जगतात.

डासांबद्दल फार काळजी घ्या. कॉइल, प्लगला लावायचे लिक्विड, स्प्रे आणि गावात होणारी धूरफवारणी यांतली कीटकनाशके पाण्यातल्या प्राण्यांना अत्यंत घातक असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. त्या खोलीत काहीही लावू नका. खिडक्यांना जाळी आणि रात्री मच्छरदाणी पुरते. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद करा, पंप बंद करा, टाकीवर ओला पंचा टाका आणि वास गेल्यावर पंप चालू करा. डासांचे मलम लावलेला हात पाण्यात घालू नका.

गणपतीत आणि शिमग्याला घर भरलेले असते. मुलांना टाकी दाखवा, खाऊ घालताना तर जरूर दाखवा, पण काचेवर टकटक आणि मोबाइलचा फ्लॅश नको. आपण बाहेरगावी जाणार असाल तर शेजारच्या काकूंना एकच काम सांगा: दिवसातून दोनदा थर्मामीटरचा फोटो पाठवायचा. खायला घालायला सांगू नका.

बिघडले हे कसे ओळखावे

कल्ले पुढे वळलेले दिसले तर बहुधा प्रवाह जोराचा आहे किंवा पाणी बिघडले आहे. शेपटीचे टोक वळणे, सतत वर येऊन हवा घेणे, खाणे सोडणे, सैरावैरा पोहणे ही ताणाची लक्षणे. कल्ल्यांवर पांढरा कापूस ही बुरशी. काहीही दिसले तरी पहिल्यांदा तापमान आणि अमोनिया मोजा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. मग प्राण्याला वेगळ्या डब्यात, १५-१६ अंशांच्या स्वच्छ पाण्यात ठेवा आणि ते पाणी रोज पूर्ण बदला. किनाऱ्यावर सगळीकडे असलेल्या देशी बदामाचे गळून वाळलेले एक पान धुऊन डब्यात टाकले तर त्याच्या टॅनिनने सौम्य बुरशीला आळा बसायला मदत होते. दुकानातली माशांची औषधे, विशेषतः तांबे आणि मॅलाकाइट ग्रीन असलेली, वापरू नका. उभयचरांची कातडी ती शोषून घेते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, जखम लाल झाली किंवा पोट फुगले, तर पशुवैद्य गाठा. परदेशी प्राणी तपासणारे डॉक्टर मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत, म्हणून प्राणी आणण्याआधीच एकाशी बोलून, व्हिडिओवर सल्ला देतात का ते विचारून ठेवा.

अंडी

नर-मादी एकत्र असतील तर वर्षभराच्या आसपास वयात येतात आणि मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, कधी हजारापर्यंत. तितक्या पिल्लांना थंड पाण्याची घरे कोकणात मिळणार नाहीत. एकच प्राणी ठेवा किंवा दोन्ही एकाच लिंगाचे. चुकून अंडी झालीच तर पहिल्या एक-दोन दिवसांत गोळा करून गोठवा आणि मग मातीत पुरा. प्राणी सांभाळणे पुढे अशक्य झाले तरी त्याला विहिरीत, तळ्यात किंवा धबधब्याखाली सोडू नका. दुसरा पाळणारा शोधा, चिलर आणि टाकीसकट त्याच्याकडे द्या, आणि परिवेशवरची नोंद त्याच्या नावावर करून घ्या.